पडद्यावरील वाचन आणि अक्षराचे वळण



गेल्या पावसाळ्यात धानोरा तालुक्याच्या पूर्वेकडील एका द्विशिक्षकी शाळेस भेट देण्याचा योग आला. इयत्ता तिसरीच्या मुलांचे प्रकटवाचन तपासावयाचे होते. त्यासाठी लागणारा उतारा मी स्वतः कार्यालयातील संगणकावर तयार करून आदल्या आठवड्यात मोबाईलवर पाठविला होता. शाळेत छपाईची सोय नसल्यामुळे गुरुजींनी आपला मोबाईलच मुलांच्या हाती देऊन वाचन घेण्यास आरंभ केला. घरी गोंडी बोलणारी एक मुलगी उठली. तिने ‘घार’ हा शब्द ‘धार’ असा वाचला, ‘भार’ हा ‘मार’ असा वाचला, ‘चिंच’ ह्या शब्दावर थबकून ‘चिच’ असे म्हटले आणि माझ्याकडे पाहून ती गप्प राहिली. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘शब्दवाचन अपूर्ण’ असा शेरा लिहिला.

बाहेर पाऊस कोसळत होता व निघणे शक्य नव्हते. तेवढ्या अवकाशात गुरुजींनी, मला काही न सांगता, तोच उतारा खडूने फळ्यावर लिहून काढला व त्या मुलीला पुन्हा उभे केले. तिने तो अथपासून इतिपर्यंत, एका ठिकाणी श्वास घेण्यापुरते थांबून, वाचून दाखविला. मी मोबाईल हाती घेऊन माझा उतारा पाहिला. चष्मा लावूनही ‘घार’ आणि ‘धार’ ह्यांतील भेद मला नीट दिसेना. पुस्तकातल्यासारखी देखणी, जाडबारीक रेषांची अक्षरे मी हौसेने निवडली होती, आणि त्या अक्षरांतील बारीक रेषा पडद्यावर जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. शेरा मी तेथेच खोडला. परंतु त्या आठवड्यात तोच उतारा इतर शाळांतही वाचून घेतला गेला होता, आणि तेथील नोंदी कोणी खोडल्या असतील असे वाटत नाही.

ह्या प्रसंगापासून पडद्यावरील अक्षरांविषयी जे वाचले, मोजून पाहिले व ताडून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आपण अध्यापक विद्यालयात शिकत होतो तेव्हा फलकलेखन हा अभ्यासाचा भाग होता. अक्षर किती मोठे काढावे, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, शेवटच्या बाकावरील मुलास ते दिसते की नाही, हे पाहण्याची सवय आपणांस लावली गेली. आता फळ्याचे पुष्कळसे काम मोबाईल, संगणक व दूरदर्शन संच ह्यांच्या पडद्यांवर आले आहे. सन २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर धडे, स्वाध्याय व परिपत्रके पडद्यावरूनच फिरू लागली. शाळा उघडल्या तरी ती रीत उरली. परंतु अक्षराचे वळण निवडताना जी काळजी खडू हाती घेतल्यावर आपण घेत होतो, ती संगणकापुढे बसल्यावर घेत नाही. यंत्राने जे अक्षर पुढे केले तेच आपण वापरतो, किंवा यादीतील नाव आवडले म्हणून एखादा टंक निवडतो. टंक म्हणजे एकाच वळणाच्या सर्व अक्षरांचा संच; व्यवहारात आपण त्यास फॉन्ट म्हणतो.

इंग्रजी अक्षरांच्या बाबतीत ह्या विषयावर फार जुना वाद आहे. रोमन लिपीच्या छापील अक्षरांचे दोन मोठे वर्ग पडतात. एका वर्गात प्रत्येक रेषेच्या टोकाला लहानसे आडवे पाऊल असते. त्या पावलास सेरिफ म्हणतात. दगडावर कोरलेल्या प्राचीन रोमन लेखांतही अशी पावले आढळतात. रोम येथील ट्राजन बादशहाच्या स्तंभावरील सन ११३ चा लेख त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या वर्गातील अक्षरे बिनपावलांची, म्हणजे सॅन्स-सेरिफ. अशा अक्षरांचा छापण्याजोगा टंक लंडन येथे चौथ्या विल्यम कॅस्लनने सन १८१६ च्या सुमारास काढला, आणि पुढे जाहिराती, पाट्या व मथळे ह्यांत ती अक्षरे रुळली. पुस्तक पावलांच्या अक्षरांत आणि पाटी बिनपावलांच्या अक्षरांत, अशी वाटणी दीर्घकाळ चालली.

संगणक आल्यावर ही वाटणी विस्कटली. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. ह्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. प्रारंभीच्या पडद्यांवर एका इंचात ७२ ते ९६ ठिपके असत, तर कार्यालयातील साधे छपाईयंत्रही इंचाला ३०० ते ६०० ठिपके उमटविते. इतक्या विरळ जाळीत अक्षराच्या टोकाचे इवलेसे पाऊल मावत नसे. ते पुसट होई किंवा अक्षराला चिकटून त्याचा ठोकळा करी. म्हणून ‘छपाईस पावलांचे, पडद्यास बिनपावलांचे’ असा नियम रूढ झाला व तो अजूनही सांगितला जातो. वस्तुतः तो नियम त्या काळातही पुरता खरा नव्हता. सन १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने पडद्यासाठी म्हणून दोन टंक प्रसृत केले. व्हर्डाना हा बिनपावलांचा आणि जॉर्जिया हा पावलांचा. दोन्ही मॅथ्यू कार्टर ह्या एकाच कलावंताने रेखिले होते आणि दोन्ही पडद्यावर सुवाच्य ठरले, कारण दोहोंतही अक्षरे मोकळी, ऐसपैस व एकमेकांपासून पुरेशी दूर होती.

संशोधनही ह्याच दिशेने बोट दाखविते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ माइल्स टिंकर ह्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग छापील अक्षरांच्या सुवाच्यतेच्या प्रयोगांत घालविला. सन १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, नित्य वापरातील टंक वाचनाच्या वेगाच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच असतात. सन २००५ मध्ये आर्डिटी व चो ह्या संशोधकांनी इतर सर्व बाबी समान ठेवून केवळ पावलांची लांबी बदलून पाहिली. तेव्हाही सुवाच्यतेत पावलांमुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जो थोडा फरक दिसला, तो पावलांमुळे अक्षरांमधील अंतर किंचित वाढल्याचा होता.

मग हा प्रश्न आपल्यासाठी संपला काय? तसे नाही. हे सर्व प्रयोग रोमन लिपीवरील होत, आणि देवनागरीत पाऊल ही वस्तूच नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर शिरोरेषा आहे व पायाशी काही नाही. आपल्याकडील भेद निराळा आहे आणि तो बोरूतून आला आहे. तिरकस तासलेल्या बोरूने लिहिताना हात ज्या दिशेला वळेल त्याप्रमाणे रेषा जाड किंवा बारीक होते. पोथ्यांतील अक्षर असे आहे. जावजी दादाजी ह्यांनी सन १८६९ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर वाखाणले गेले, त्यांचे सौंदर्यही बोरूच्या ह्या जाडबारीक वळणात होते. ह्याउलट, सर्वत्र सारख्याच जाडीच्या रेषेने काढलेले अक्षर हे खडूचे अथवा पाटीवरील पेन्सिलीचे अक्षर होय. टंक तयार करणारे लोक रोमनमधील सेरिफ टंकाच्या जोडीला पहिल्या जातीची आणि सॅन्स-सेरिफच्या जोडीला दुसऱ्या जातीची देवनागरी ठेवतात. म्हणून मोबाईलवर ‘नोटो सेरिफ देवनागरी’ आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ अशी नावे आढळली, तर त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘बोरूचे अक्षर’ आणि ‘खडूचे अक्षर’ असा समजावा. पुढे ह्या लेखात मी हेच दोन शब्द वापरणार आहे.

आता माझा उतारा बिघडला कसा, ते पाहू. ही चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून रोज घडते, म्हणून आकड्यांनिशी सांगतो. मी उतारा नेहमीच्या अ-४ आकाराच्या कागदावर, १२ पॉइंटांच्या अक्षरांत टंकित केला व त्याची पीडीएफ पाठविली. अ-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. साध्या किमतीच्या साडेसहा इंची मोबाईलचा पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्या रुंदीत ७२० ठिपके असतात. सबंध पान त्या रुंदीत बसविले की ते तिपटीहून अधिक आक्रसते आणि १२ पॉइंटांचे अक्षर ४ पॉइंटांहूनही लहान होते. ही झाली आकाराची गोष्ट. ठिपक्यांचा हिशेब त्याहून बोलका आहे. कागदाचे २१० मिलिमीटर ७२० ठिपक्यांत वाटले म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला कागदावरील सुमारे ०.२९ मिलिमीटर येतात. खडूच्या अक्षराची रेषा १२ पॉइंटांत साधारणतः ०.३५ मिलिमीटर जाडीची असते. ती एका ठिपक्यात उभी राहते. बोरूच्या अक्षराची बारीक रेषा त्याच आकारात ०.१० ते ०.१५ मिलिमीटर भरते. ती फार तर अर्ध्या ठिपक्याइतकी होते. अर्धा ठिपका पेटविता येत नाही, म्हणून यंत्र काळ्याऐवजी फिकट करडा ठिपका दाखविते. पावसाळी उजेडात, धुरकट काचेवर, आठ वर्षांच्या मुलाला तो करडा ठिपका दिसत नाही.

मोबाईलचा पडदा वास्तविक चांगला असतो. वरील मोबाईलवर इंचाला सुमारे २७० ठिपके पडतात. परंतु अ-४ चे सबंध पान त्यावर कोंबल्यामुळे कागदाच्या एका इंचाला ८७ ठिपकेच मिळतात, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा जुना पडदा आपण आपल्याच हाताने परत आणतो. पान बोटांनी मोठे करून पाहता येते हे खरे. पण मग ओळ पडद्याबाहेर जाते आणि मुलाला प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते. नुकतेच वाचू लागलेल्या मुलाची ओळ ह्यात हरवते.

रेषा हरवल्याने नेमके काय हरवते, हे मराठी शिकविणाऱ्यास सांगावयास नको. ‘ध’ आणि ‘घ’ ह्यांत, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांत भेद करणारी जागा अक्षराच्या डाव्या डोक्याशी आहे. तेथे शिरोरेषा तुटते व लहानसा आकडा वळतो. ‘ब’ आणि ‘व’ ह्यांत भेद पोटातील एका तिरक्या रेघेचा. ‘प’ आणि ‘ष’ ह्यांतही तसेच. ‘थ’ आणि ‘य’ ह्यांचा भेद पुन्हा डोक्याशी. अनुस्वार हा तर एक टिंबच. सर्व महत्त्वाचे भेद अशा चिमुकल्या जागी असल्याने तेथील एक ठिपका गेला की शब्द बदलतो.

येथे आपल्या तालुक्याचा विशेष ध्यानी घेतला पाहिजे. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, ते मूल पुसट अक्षरही अर्थावरून जुळवून घेते. ‘आकाशात धार उडते’ असे कोणी म्हणत नाही, हे त्याच्या कानाला ठाऊक असते. म्हणून ‘धार’ दिसले तरी ते ‘घार’ असे वाचून मोकळे होते. आपणही असेच वाचतो, आणि म्हणूनच उतारा तयार करताना त्यातील दोष आपणांस दिसत नाही. ज्या मुलाची घरची भाषा गोंडी आहे, किंवा मुरूमगावकडे छत्तीसगढी आहे, त्याच्याजवळ इयत्ता दुसरी-तिसरीत हा आधार नसतो. त्याला फक्त अक्षराचा आधार असतो आणि ते अक्षर प्रामाणिकपणे जसे दिसेल तसे ते वाचते. त्या मुलीने केले ते हेच. पुसट अक्षरामुळे ज्यांचे सर्वांत अधिक नुकसान होते, ती मुले आपल्याच वर्गांत बसली आहेत. आणि वाचनचाचणीत त्यांच्या नावापुढे पडणारा शेरा पुढे वर्षभर त्यांच्याबरोबर चालतो. कोणते मूल कोणत्या गटात बसवावे, कोणाला वेगळा वेळ द्यावा, कोणाविषयी पालकांना काय सांगावे, हे सर्व त्या शेऱ्यावरून ठरते.

ह्यावरून ‘पडद्यावर नेहमी खडूचे अक्षर घ्यावे’ असा सरसकट निष्कर्ष कोणी काढील, तर तोही अपुरा ठरेल. खडूच्या अक्षरांतही कुरूप व कोंदट टंक पुष्कळ आहेत. सर्व रेषा सारख्याच जाड असल्या आणि त्यात टंक ठळक असला, तर अक्षराच्या पोटातील मोकळी जागा भरून जाते. ‘ब’ च्या पोटातील रेघ त्या जागेत बुडते, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ काळे ठिक्कर होतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात. मथळा म्हणून असे अक्षर शोभते. उताऱ्यास ते घेऊ नये. उलटपक्षी, बोरूचे अक्षर पुरेशा मोठ्या आकारात असले तर त्यातील बारीक रेषांमुळेच पोट मोकळे राहते व जोडाक्षर उलगडून दिसते. शाळेतील ४३ इंची दूरदर्शन संचावर गोष्ट दाखवावयाची असेल तर बोरूचे अक्षर खुशाल वापरावे. त्या पडद्याचा एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि अक्षर जर २६ मिलिमीटर उंच काढले तर त्याच्या वाट्याला ५० हून अधिक ठिपके येतात. तेथे बारीक रेषाही हरवत नाही.

हा २६ मिलिमीटरचा आकडा कोठून आला, तेही सांगतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यात निरोगी डोळ्यास सहा मीटरांवरून जेमतेम ओळखू येणारे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंचीचे असते. ते सुटे इंग्रजी अक्षर झाले, आणि तेही जेमतेम. वर्गाच्या मागील भिंतीशी बसलेल्या मुलाला सबंध मराठी वाक्य न ताणता वाचता यावे, ह्यासाठी मी त्याची तिप्पट धरतो, आणि ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजतो. वेलांटी व उकार ह्यांची जागा निराळी. ह्या हिशेबाने ४३ इंची पडद्यावर, ज्याची उंची सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर असते, आठ-नऊ ओळींहून अधिक मजकूर मावत नाही. आपण बहुधा वीस ओळी दाखवितो. मग मागील मुले पुढच्यांचे ऐकून तेच म्हणतात, आणि आपणांस वाटते की सर्व वर्ग वाचीत आहे.

ओळींच्या अंतराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे इंग्रजीचे माप आपणांस फसविते. रोमन अक्षराला वर मात्रा नाही आणि खाली उकार नाही. आपल्या एका ओळीत मधला मजला अक्षराचा, वरचा मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार ह्यांचा आणि खालचा उकार व ऋकार ह्यांचा, असे तीन मजले असतात. म्हणून एकाच पॉइंटाच्या आकारात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते, आणि ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. ‘मंगल’ ह्या टंकात ओळी फार दूरदूर पडतात, पाने वाढतात, अशी तक्रार पुष्कळ शिक्षक करतात व अंतर दाबून टाकतात. तसे करू नये. हा टंक सन २००० च्या विंडोज प्रणालीबरोबर आला आणि तो मुंबईच्या आय.आय.टी.त अनेक वर्षे अध्यापन केलेले कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनी रेखिला आहे. ते मोकळे अंतर लहान मुलांच्या उपयोगाचे आहे. पाने वाचविण्याची सक्ती कागदाला असते. पडद्याला ती नाही.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो, जी बोरू-खडूच्या भेदाहूनही पहिली-दुसरीच्या वर्गात मोठी आहे. बालभारतीच्या पुस्तकात मूल जो ‘ल’ गिरविते, तो दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’. मोबाईलवर त्याला पुष्कळदा उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा ‘ल’ भेटतो. ‘श’ चेही तेच. ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ ह्यांचीही मुंबईचे व उत्तरेचे अशी दोन वळणे जुन्या छपाईत होती. महाराष्ट्र शासनाने दिनांक ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली, आणि पाठ्यपुस्तकात व फळ्यावर आपण ती पाळतो. पण पडद्याच्या बाबतीत आपले लक्ष नसते. मोठ्यांना हा भेद जाणवतही नाही. परंतु ज्याने ‘ल’ हे अक्षर चार दिवसांपूर्वी प्रथम पाहिले, त्याला हे नवे अक्षर वाटते, आणि तसे वाटणे रास्त आहे. काही टंकांत दोन्ही वळणे साठविलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी ‘ल’ येतो, ‘हिंदी’ राहिली की हिंदी येतो. काही टंक मुळातच मराठीसाठी काढलेले आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा बोरूच्या वळणाचा टंक तसा आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे टंक उपलब्ध करून दिले आहेत. खडूच्या वळणाचा ‘मुक्ता’ हा टंक मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा असून विनामूल्य मिळतो; त्याची अक्षरे मोकळी आहेत आणि मी सध्या तोच वापरतो. नोटोचे दोन्ही टंकही विनामूल्य आहेत.

मराठीचा आणखी एक विशेष सांगून टाकतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ ह्या शब्दांतील अर्धा ‘र’ आपण पापणीसारखा काढतो. हिंदीत तो नाही. जुन्या किंवा अपुऱ्या टंकात त्याच्या जागी रफार उमटतो किंवा अक्षर तुटते. मग ‘आचाऱ्यांना’ लिहावयाचे असताना ‘आचार्यांना’ असे होते, आणि शालेय पोषण आहार शिजविणाऱ्यांसाठी काढलेली सूचना विद्वानांच्या नावे जाते. ह्यावर हसावे तेवढे थोडे. परंतु तिसरीच्या मुलाला ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ असा दाखविला तर डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो.

टंक निवडण्यापूर्वी तो युनिकोडचा आहे ना, एवढे मात्र पाहावेच. युनिकोड ही अक्षरांच्या क्रमांकांची जागतिक व्यवस्था असून सन १९९१ मधील तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तीत आहे. त्यापूर्वीच्या पद्धतीच्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. असा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर तो टंक नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडतो. मग पाठविणारा पडद्याचे छायाचित्र काढून पाठवितो, घेणारा ते पुढे ढकलतो, आणि प्रत्येक वेळी ते अधिक पुसट होत जाते. परिपत्रकांची अशी छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि खरे बोलावयाचे तर त्यांतील काही आमच्या कार्यालयाकडूनच निघालेली आहेत. साधा मजकूर व्हॉट्सॲपवर सरळ टंकित करून पाठविला, तर तो घेणाऱ्याच्या मोबाईलमधील स्वतःच्या टंकात दिसतो, पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओळी मोडतो आणि हवा तितका मोठा करता येतो. अँड्रॉइड मोबाईलवर तो टंक बहुधा नोटो सॅन्स देवनागरी असतो, व तो आपल्या कामास पुरेसा आहे. चार ओळींच्या सूचनेसाठी पीडीएफ करण्याचे प्रयोजन नाही.

रंगांविषयी दोनच शब्द. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे हे उत्तम. हिरव्यावर पिवळे, गुलाबीवर लाल, चित्रावर मजकूर, हे सर्व समारंभाच्या पत्रिकेसाठी राखून ठेवावे. अक्षर व पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा संकेतस्थळांसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ते मोजण्याचे साधन आपणांजवळ नसले तरी पडदा मंद करून अंगणात न्यावा. उन्हात वाचता आले तर वर्गातही वाचता येईल.

टंक पारखण्यासाठी मी एक लहानशी यादी केली आहे. ती अशी: घार, धार, भार, मार, बार, वार, थवा, यश, पाट, षट्कोन, चिंच, चिमणी, दऱ्या, शाळा, लाल, झाड, बाण, कृती, क्रम, शुद्ध, द्वार, रुपया, रूप. हे शब्द आपण ज्या टंकात, ज्या आकारात व ज्या पडद्यावर दाखविणार असाल, तसेच मांडावे आणि ते आपण न वाचता दुसरीतील एखाद्या मुलाकडून वाचून घ्यावेत. शक्यतो घरी मराठी न बोलणाऱ्या. कोठे अडखळले ते टिपावे. त्याच मुलाने हेच शब्द फळ्यावर अचूक वाचले, तर दोष टंकाचा अथवा आकाराचा समजावा, मुलाचा नव्हे. आणि फळ्यावरही अडखळले, तर त्या अक्षराचा सराव घ्यावा. ही पारख करण्यास दहा मिनिटे पुरतात.

पीडीएफ पाठविणे अपरिहार्यच असेल, उदाहरणार्थ चित्रे किंवा तक्ते असतील, तर पानाचा आकार अ-४ न ठेवता मोबाईलच्या रुंदीजोगा अरुंद ठेवावा. सुमारे ९० मिलिमीटर रुंदीचे पान घेऊन त्यावर १८ पॉइंटांचे अक्षर व दीडपट ओळअंतर ठेवल्यास वर सांगितलेल्या मोबाईलवर ते अक्षर १३ पॉइंटांहून मोठे दिसते आणि एका ओळीत तीन-चार शब्द बसतात. वाचू लागलेल्या मुलाला तेवढी ओळ पुरते. पाने अधिक होतील, होऊ द्यावीत. कागदावर छापावयाची प्रत निराळी करावी, आणि तीत बोरूचे अक्षर घेण्यास कोणतीच हरकत नाही. कागदावर ते आजही सर्वांत सुंदर दिसते, असे माझे मत आहे.

तालुक्याचा वाचनउतारा मी दोन टंकांत, अशा अरुंद पानांवर नव्याने तयार करून सर्व केंद्रप्रमुखांकडे पाठविला आहे. आपल्या वर्गातील ज्या मुलांच्या नावापुढे गेल्या पावसाळ्यातील चाचणीत ‘शब्दवाचन अपूर्ण’ अथवा तत्सम शेरा आहे, त्यांचे वाचन पुन्हा घ्यावे. प्रथम फळ्यावरून, नंतर ह्या नव्या उताऱ्यावरून. तिन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी लिहून पुढील शिक्षण परिषदेस येताना बरोबर आणाव्यात. जुना शेरा चुकीचा आढळल्यास तो खोडून खाली तारीख घालावी. त्यासाठी माझ्या स्वाक्षरीची वाट पाहू नये.